निरोपापुरतं गाव

छापील वेळापत्रक माझ्यासमोर टेबलावर पडलंय. आमच्या अंधेरीतल्या एका तरुण मंडळाचं. नाताळ आटोपला की पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर पाच दिवसांचं शिबिर. पहिला दिवस: आगमन, गावफेरी. दुसरा दिवस: अंगणवाडीची रंगरंगोटी. तिसरा: शोषखड्डा आणि मुलांचे खेळ. चौथा: आरोग्यावर पथनाट्य. पाचवा दिवस, रात्री आठ ते साडेदहा: शेकोटी व निरोप. आणि निरोपाच्या पुढे कंसात चक्क छापलंय: 'भावनिक'.

म्हणजे रडू कधी येणार ते तीन आठवडे आधी ठरलंय. साडेदहाला ते थांबणार हेही ठरलंय, कारण अकराच्या पुढे बसवाला जादा पैसे लावतो.

वेळापत्रक घेऊन आलेला मुलगा गुणी आहे. अकरावीत माझ्याच वर्गात होता. निरोपाच्या कार्यक्रमाला त्याला मी प्रमुख पाहुणी म्हणून हवी आहे. "मिस, तुम्ही तर ह्यातल्या सीनियर," तो म्हणाला. खोटं नाही. एकोणीस वर्षं मी हे उद्योग केले. दर वर्षी पन्नास-साठ पोरं, गिटार, प्रथमोपचाराची पेटी आणि बायबल घेऊन मी त्या बाजूच्या पाड्यांवर जात राहिले. शेकोटीजवळ पहिला हुंदका कोण देणार हे मला चेहरे बघून सांगता यायचं. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात पहिली आरोपी मीच. दुसऱ्या कोणी लिहायच्या आत आपणच लिहिलेलं बरं.

तर शेकोटी. गाव जमिनीवर बसतं, आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आधी आमची गाणी होतात, चार इंग्रजी, दोन हिंदी. मग कोणाला तरी आठवतं की गावाचंही काहीतरी व्हायला पाहिजे. एका वर्षी एक म्हातारा तारपा घेऊन पुढे आला. वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. गाल फुगवून त्याने फुंकायला सुरुवात केली आणि बायका हाताची साखळी करून त्याच्याभोवती फिरू लागल्या. तारप्याचा नाच एकदा लागला की रात्र खातो. त्याला 'आयटम' हा प्रकार ठाऊक नाही. आमच्या वेळापत्रकात त्याला सात मिनिटं होती. सात मिनिटांनी आमच्या सूत्रसंचालिकेने माइकवर टाळ्या वाजवल्या, "थँक्यू बाबा, थँक्यू सो मच!" म्हातारा फुंकतोच आहे. तिने पुन्हा थँक्यू म्हटलं. शेवटी सरपंचाने जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने तारपा तोंडापासून काढला आणि काय चुकलं अशा नजरेने आमच्याकडे पाहिलं. बायकांची साखळी दोन पावलं तशीच फिरली आणि सुटली. मग आमच्या मुलांनी कृतज्ञता व्यक्त केली. पंचवीस मिनिटं.

त्याच रात्री तिसरीतली एक मुलगी माझ्या मांडीला टेकून बसली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचाच गणवेश. भाषणं चालू असताना तिने माझ्या कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, "बाई, यंदा खाऊ रडायच्या आधी का नंतर?"

मला आधी कळलंच नाही. तिने समजावून सांगितलं. मागल्या महिन्यात दुसऱ्या कॉलेजवाल्यांनी खाऊ आधी वाटला, मग पोरं खाऊ घेऊन घरी पळाली आणि निरोपाला कोणीच उरलं नाही, ते दादा-ताई नाराज झाले. म्हणून विचारते. मी म्हटलं, अशी किती कॉलेजं येतात गं? तिने बोटं मोजली. पाच. आठ वर्षांच्या पोरीला वर्षातून पाच वेळा कायमचं दुरावण्याचा सराव, आणि आमची ताई तिला कवटाळून म्हणत होती, "मी तुला कधीच विसरणार नाही." पोरगी शहाणी. तिने ताईच्या पाठीवरून हात फिरवला. थोपटलं म्हणा ना.

त्या पाड्यावरची अंगणवाडीची भिंत मी कधी विसरणार नाही. आम्ही तिच्यावर फुलपाखरं काढली, त्याखाली आदल्या गटाचा छोटा भीम होता, त्याखाली एबीसीडी, त्याखाली कोणाचा तरी डोनाल्ड डक. एके ठिकाणी पोपडा निघाला होता तिथे चारही थर एकदम दिसायचे, खडकातल्या थरांसारखे. छप्पर मात्र गळतच होतं, कारण छपरावर चढून फोटो निघत नाही. पुढच्या वर्षाचं ठरवायला मी एकटीच गेले तेव्हा ओसरीवर बसलेला एक आजोबा म्हणाला, "या, या. पण यंदा रंग नका आणू." मी हसले. तो हसला नाही.

हिशेबाची वही अजून माझ्याकडे आहे. एका वर्षाचं सांगते. बस, टी-शर्ट, फ्लेक्स, आचारी, जनरेटर धरून खर्च लाखाच्या वर गेला. त्यातलं गावात उरलं काय, तर दोन-तीन हजारांचा रंग आणि एक कॅरम बोर्ड, ज्याचा स्ट्रायकर आमचंच एक पोरगं चुकून खिशात घालून घेऊन आलं. हे आपलंच दारिद्र्य आहे असं समजू नका. १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरास झोडपल्यावर अमेरिकेतून चर्चची मंडळी तिथे घरं बांधायला गेली. कर्ट व्हर बीक नावाच्या अभ्यासकाने पुढे हिशेब मांडला. विमानभाड्यासकट एका घरामागे सुमारे तीस हजार डॉलर पडले. तसलंच घर तिथली स्थानिक संस्था दोन हजारांत बांधत होती. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरं झाली असती, पण मग फोटोत विटा उचलणारा गोरा मुलगा नसता. ह्याच अभ्यासकाने हेही तपासलं की परत गेल्यावर ह्या मंडळींच्या जगण्यात, दानधर्मात किती फरक पडला. फारसा नाही. आणि इव्हान इलिच तर स्वतः कॅथलिक पाद्री. त्याने १९६८ मध्येच, उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण भलं करायला येऊ नका. त्याला ह्याच मुलांनी भाषणाला बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे बोलावताना काळजी घ्यावी ती ह्यासाठी.

पण मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती तारखांची. आमचं शिबिर कायम नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा. कॉलेजला सुट्टी, हवा गार, डास कमी. त्या दिवसांत पाड्यावर असतं कोण? भात झोडून झालेलं असतं, दिवाळी सरलेली असते, आणि घरातली धडधाकट माणसं मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडलेली असतात. कोणी भिवंडीच्या वीटभट्टीवर, कोणी वसई-विरारच्या नाक्यावर, कोणी मुंबईतल्या इमारतींच्या साइटवर. होळीला चार दिवस घरी येतील, नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर. मागे राहतात म्हातारी आणि शाळेतली पोरं. म्हणजे बोरिवलीची मुलं बस करून गावाला भेटायला निघतात त्याच दिवसांत ते गाव बोरिवलीत ताडपत्रीखाली झोपलेलं असतं. वाटेत घोडबंदरच्या फाट्यावर दोघं एकमेकांच्या शेजारून जात असतील. आम्ही 'ग्रामीण जीवनाचा अनुभव' असं फ्लेक्सवर लिहून ज्यांच्या ओट्यावर पाच दिवस जेवतो, त्यांची सून आमच्याच सोसायटीच्या मागच्या टॉवरवर डोक्यावरून रेती वाहत असते. ह्याची एकोणीस वर्षांत आम्ही एकदाही चौकशी केली नाही. 'आई-बाबा कुठे गेलेत?' ह्या प्रश्नावर पोरं 'कामाला' म्हणत, आणि आमची ताई पुढच्या खेळाकडे वळे.

मराठीत घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. 'जातो' म्हणणाऱ्याला आई दटावते. आणि 'निरोप' ह्या आपल्या शब्दाला दोन तोंडं आहेत. निघताना घेतात तो निरोप आणि मागाहून धाडतात तोही निरोप. आम्हाला पहिला फार आवडतो. दुसरा आला की आमचा फोन लागत नाही.

१९९८ सालचं सांगते. सातवीतला एक मुलगा होता. निरोपाच्या रात्री त्याने वहीत आमच्या सगळ्यांचे पत्ते उतरवून घेतले, वळणदार अक्षरात, पिनकोडसकट. आम्ही हौसेने सांगितले. एप्रिलपर्यंत मला त्याची चार कार्डं आली. पहिल्यात खुशाली. दुसऱ्यात, गावाचा बोअर बंद पडलाय, कोणाला सांगायचं असतं ते कळवा. तिसऱ्यात, आठवीला पुढच्या गावी आश्रमशाळेत जायचंय, दाखल्याचं अडलंय. चौथ्यात नुसतं 'आपण सर्व कसे आहात'. त्या वेळी परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, घरी लग्न होतं. मी उत्तर लिहिलं डिसेंबरमध्ये. नाताळचं कार्ड, घंटा आणि बर्फाच्या चित्राचं. पुढच्या शिबिराला आम्ही दुसरा पाडा निवडला होता. तो मुलगा आठवीला गेला की भट्टीवर, मला माहीत नाही. ते तिसरं कार्ड मी टाकूही शकले नाही आणि कोणाला दाखवूही शकले नाही. आता दाखवते आहे.

आमच्या धर्मात निरोपाला काय जागा आहे हे आमच्याच मुलांना ठाऊक नसतं, म्हणून दोन शब्द. रविवारच्या उपासनेला आम्ही 'मिस्सा' म्हणतो. तो शब्दच निरोपावरून आला. जुन्या लॅटिन उपासनेत अखेरीस पाद्री लोकांना 'जा आता' म्हणून वाटेला लावतो त्या वाक्यातला तो शब्द, आणि 'मिशन' त्याच धातूचं भावंड. पाठवणे. निरोप संपला की काम सुरू. आम्ही उलटं केलं, निरोप झाला की फाइल बंद. बायबलातला सगळ्यात हृदय हलवणारा निरोप प्रेषितांच्या कृत्यांमध्ये आहे. मिलेत बंदरावर पौल इफिसच्या वडीलधाऱ्यांना भेटतो, पुन्हा गाठ पडणार नाही हे दोघांनाही कळतं, आणि ती पिकली माणसं त्याच्या गळ्यात पडून रडतात. बरोबर आहे. पण त्याआधी तो त्यांच्यात तीन वर्षं राहिला होता, स्वतःच्या हातांनी कमावून खात होता. तीन वर्षांचं रडणं पाच दिवसांत उरकायचं म्हणजे मग गिटार लागणारच.

आणि विद्यार्थ्यांनीच काढलेल्या मिशनची गोष्ट सांगायची तर ती थेट मुंबईशी येऊन भिडते. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजची पाच पोरं वादळात सापडली, गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली, आणि तिथे त्यांनी परदेशी जायचं मनावर घेतलं. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था निघाली. त्याच कॉलेजात त्या वाऱ्यात वाढलेला गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत सॅम्युअल नॉटबरोबर मुंबईला उतरला. कंपनी सरकारला तो नको होता. त्याला परत धाडायचे हुकूम निघाले. हा हलला नाही. मराठी शिकला, शाळा काढल्या, भाषांतराला बसला. १८२६ मध्ये नाशिकला गेला तर तिथे पटकीची साथ. होती नव्हती ती औषधं वाटून टाकली, परत फिरला, आणि वाटेतल्या एका गावी देवळाच्या ओसरीवर त्यालाच पटकीने गाठलं. २० मार्च १८२६. वय एक्केचाळीस. ख्रिस्ती मिशनरी हिंदू देवळाच्या ओसरीवर मरतो, आणि निरोपाला ना गिटार ना फ्लेक्स.

ह्याचा अर्थ जुने मिशनरी देवदूत होते असा नाही. देवळातल्या देवाबद्दल हॉलने जे लिहिलं ते आज वाचवत नाही. पुढच्या मिशनांच्या साहेबीपणाला कंटाळूनच नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये पगारावर लाथ मारली. पण एक गोष्ट त्या माणसांकडे होती. ती राहायची. राहिलं की माणूस चुकतो, भांडतो, शिव्या खातो, आणि हळूहळू त्या गावाचा होतो. आमच्या हयातीत फादर हर्मन बाखर होते. स्वित्झर्लंडचे जेझुइट, अर्ध्या शतकाहून अधिक काळ महाराष्ट्रात. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत त्यांनी पाणलोटाचं काम उभं केलं, लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. त्यांची अट अशी की गावाने आधी श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, मग पैसा. म्हणजे गावाकडून मागायचे! आमच्या पोरांना हे उद्धट वाटेल. आपण तर द्यायला जातो. आणि आमच्याच डहाणू-तलासरीचं बोलायचं तर गोदावरी परुळेकर. त्यांचा मिस्साशी काही संबंध नाही, लाल बावट्याच्या. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरीला वारल्यांनी वेठबिगार करणार नाही म्हणून ठरवलं त्यामागे ही बाई. पाड्यापाड्यावर राहिली, कुडाच्या घरात झोपली, आंबील प्यायली. तिच्या पुस्तकाला १९७२ चं साहित्य अकादमी मिळालं. ते आमच्या शिबिराच्या वाचनयादीत कधीच नव्हतं. तिथे इंग्रजीतलं एक प्रेरणादायी पुस्तक असायचं, मोठ्या टायपात.

इथे दुसऱ्या बाजूची काही मंडळी लगेच कान टवकारतील, त्यांना आधीच सांगून टाकते. ख्रिस्ती पोरं पाड्यावर गेली की ह्यांच्या पोटात धर्मांतराचा गोळा उठतो. अहो, एकोणीस वर्षांत आम्हाला आमच्याच पोरांना सकाळी सहाला उठवून प्रार्थनेला बसवता आलं नाही. जे स्वतःचं ताट घासत नाहीत ते कोणाचा धर्म घासणार? तुम्ही आम्हाला फार मानता. आमचं पाप धर्मांतराएवढं मोठंही नाही. ते पिकनिकच्या मापाचं आहे.

"पण मिस, मुलं बदलतात ना," असं माझे जुने सहकारी म्हणतात. हो, बदलतात. डीपी बदलतात. महिनाभर वारली चित्राचा टी-शर्ट घालतात. अर्जात लिहायला एक परिच्छेद होतो, परदेशी विद्यापीठाला तो फार आवडतो. खरोखर बदललेली मला एकच आठवते. ती निरोपाला नव्हतीच. शेकोटी पेटायच्या तासभर आधी पाड्यावरच्या एका बाईच्या पोटात दुखायला लागलं, सातवा महिना, नवरा भट्टीवर. ही मुलगी टमटममध्ये तिच्याबरोबर बसून ग्रामीण रुग्णालयात गेली. तिथे रक्त नव्हतं. तिथून पुढे, तिथेही नव्हतं. रात्रभर ही फॉर्मवर सह्या करत, त्या बाईचा हात धरून बाकड्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशी एसटीने परत आली तेव्हा तिच्या कपड्यांवर रक्त होतं आणि ती रडत नव्हती. भयंकर चिडली होती. "मिस, तिथे साधा पंखा नाही," एवढंच ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. मूल गेलं, बाई वाचली. आज ही मुलगी पालघरमध्येच काम करते. शिबिराच्या स्मरणिकेत तिचं नाव 'गैरहजर' म्हणून छापलं गेलं. ते पान माझ्याच हाताखालून गेलं होतं.

आता मुद्द्याचं. हे सगळं मला २०१२ च्या सुमारास कळायला लागलं तेव्हा मी एक सूचना मांडली. पाच दिवस लांब जायचं बंद करू. आरेमध्ये सत्तावीस आदिवासी पाडे आहेत, आमच्या मरोळपासून रिक्षाने वीस मिनिटं. दर शनिवारी जाऊ, वर्षभर. ज्यांना अभ्यास शिकवायचाय ते अभ्यास शिकवतील, ज्यांना रेशनकार्डाच्या रांगेत उभं राहता येईल ते रांगेत उभे राहतील. साठ मुलं होती. कागद फिरवला तर चार नावं आली. पालकांना बिबट्यांची भीती, ते समजू शकते. पण एका मुलाने प्रामाणिकपणे कारण सांगितलं, त्याचे मी आजही आभार मानते. "मिस, रात्री तर घरीच यायचं. मग निरोप कधी?"

त्या दिवशी मला शिबिराची गुरुकिल्ली सापडली. आम्हाला गाव नको असतं. आम्हाला निरोप घेता येईल एवढ्या लांबचं गाव हवं असतं. वीस मिनिटांवरच्या पाड्याचा निरोप घेता येत नाही, पुढच्या शनिवारी तीच पोरगी दारात उभी असते आणि विचारते, मागच्या शनिवारी का नाही आलात? २०१३ च्या एप्रिलपासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावते. अंधेरीहून निघालं की दुपारच्या जेवणाला पाड्यावर. कोणी लोकलने जातं का? नाही. बसच हवी. पासवर जाऊन येता येईल अशा ठिकाणी कोण हुंदके देणार? त्या चार मुलांनी मात्र आरेत तीन वर्षं काढली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, दोन हजारांच्या वर पडली, एकोणतीस जणांना अटक झाली. त्या रात्री ह्या चारातली एकजण पिकनिक पॉइंटच्या रस्त्यावर पोलिसांच्या दोराला रेलून उभी होती. मला फोन केला. मागे कापण्याच्या यंत्रांचा आवाज येत होता. मी म्हटलं, घरी जा. मी हेच म्हटलं.

गाव सोडणं काय असतं हे आम्हा अंधेरीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांना दुसऱ्यांनी शिकवायला नको खरं तर. कोंडिविट्याला जेझुइटांनी १५७९ मध्ये सेंट जॉन बाप्टिस्टचं देऊळ बांधलं. आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणतात. १८४० मध्ये साथ आली, गावाने ते सोडलं आणि लोक मरोळला आले. पुढे १९७३ मध्ये त्या जागेभोवती सीप्झ झालं. आज ते कुठे आहे म्हणाल तर निर्यातीच्या कारखान्यांच्या कुंपणाच्या आत, छप्पर उडालेलं, वडाच्या मुळांनी धरून ठेवलेलं. आत जायला एरवी परवानगी लागते. मे महिन्यातल्या एका रविवारी तिथे मिस्सा होते. माझे वडील गेले तोपर्यंत दर वर्षी जायचे, इस्त्रीचा सदरा घालून, हातात घडीची खुर्ची घेऊन. गेटवरचा सुरक्षारक्षक पिशवी तपासायचा. एकदा त्याने विचारलं, "अंकल, अंदर कौन है आपका?" वडील म्हणाले, "सब." पावणेदोनशे वर्षांपूर्वी साथीने हाकलून काढलेली माणसं अजून 'येतो' म्हटल्यासारखी येतात. निघताना कोणी शेकोटी केली होती अशी नोंद नाही.

गेल्या डिसेंबरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी टॉवरचं काम चालू झालं. पत्र्याच्या कुंपणाला लागून चार ताडपत्र्या. सकाळी दूध आणायला गेले तर एक माणूस विटा रचत होता, पाठीवर फिका निळा टी-शर्ट, त्यावर क्रूस, दोन जोडलेले हात आणि 'सेवा प्रेम आनंद २०१६'. आमच्या शिबिरात उरलेले टी-शर्ट आम्ही गावात वाटून यायचो, छपाई जास्तीची करावी लागते म्हणून. मी थांबले. गावाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही त्या निरोपवाल्या बाई ना?"

एकोणीस वर्षांची पदवी ही. मी हो म्हटलं. त्याची बायको आली, कडेवर पोर, हातात वीस लिटरचा रिकामा कॅन. तिने विचारलं, इथे प्यायचं पाणी कुठे मिळंल? आमच्या गेटच्या आत बागेचा नळ आहे. त्यावर सूचना लावलेली आहे, बाहेरच्यांना पाणी भरण्यास सक्त मनाई. ती सूचना ज्या सभेत मंजूर झाली तिथे मी हजर होते, चहा छान होता, मी काही बोलले नव्हते. त्या दिवशी मी तिचा कॅन घरात नेऊन भरून आणला. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सेक्रेटरीने जिन्यात गाठलं, "मॅडम, एकाला दिलं की सगळे येतात." सगळे म्हणजे आठ माणसं होती. सकाळी सहाला नळावर जायचं आणि पाणी चालू असेपर्यंत तिथे उभं राहायचं, एवढंच करायचं होतं, आणि ते महिनाभर करणं मला पंधरा शिबिरांपेक्षा जड गेलं. दोन दिवस माझ्याने झालं नाही, अंग दुखत होतं. तिसऱ्या दिवशी तिने कारण विचारलं नाही. कॅन पुढे केला.

म्हणून त्या गुणी मुलाला मी काल घरी बोलावलं. म्हटलं, बाबा, एक काम कर. गच्चीत ये. वरून ताडपत्र्या दाखवल्या. म्हटलं, ह्यातली तीन घरं तू चाललायस त्याच भागातली आहेत. पाच दिवसांचं शिबिर इथेच घे. बस नको, आचारी नको. पोरांना सकाळी शाळेपर्यंत सोडा, साइटच्या मुकादमाकडे हजेरीची वही मागा, सोसायटीच्या सभेत उभे राहून नळाबद्दल बोला. शेवटचं सगळ्यात अवघड, त्यासाठी प्रार्थना करून या. निरोप तेवढा रद्द कर, ही माणसं मार्चपर्यंत इथेच आहेत.

तो कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत होता. खाली ती बाई पोराला आंघोळ घालत होती, एका तांब्यात. मला वाटलं, बसला धागा. मग तो ओशाळून म्हणाला, "मिस, बॅनर छापून झालाय. तुमचा फोटोही टाकलाय त्यावर."